आई की बाळ, हा प्रश्न कुणाला विचारायचा?

मागे एका रविवारी मिस्सामध्ये विश्वासू जनांच्या प्रार्थनेत एक विनंती वाचली गेली. मेंदूत गाठ निघालेल्या एका गरोदर भगिनीसाठी ती होती. नाव सांगितले नव्हते आणि ते योग्यच होते. पण मिस्सा संपून आपण सारे आवारात आलो आणि पाच मिनिटांत त्या भगिनीचा खटला उभा राहिला. एक बंधू म्हणाले, "आईने बाळासाठी प्राण द्यावा. संत जियान्नाने दिलाच ना?" दुसऱ्या एका भगिनीचे म्हणणे असे की आधी बाईला वाचवा, मूल काय पुन्हा होईल. दोघेही मनापासून बोलत होते. बाकावर बसलेल्या एक आजी एवढेच म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं का?"

आजींच्या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. घरी गेल्यावर आम्ही थोडे वाचले, ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो, धर्मगुरूंना विचारले. त्यातून जे हाती लागले ते पुढे मांडत आहोत.

प्रथम आजाराविषयी, कारण आवारातील दोन्ही मते आजार नीट समजून न घेताच दिली गेली होती. मेंदूतील गाठ ही गर्भाशयातील गाठ नव्हे, आणि हा फरक फार मोठा आहे. गाठ डोक्यात, बाळ पोटात. डोक्याच्या कवटीत वाढणाऱ्या गाठीवर शस्त्रक्रिया करताना बाळाला हात लावावा लागत नाही. गरोदरपणात अशी गाठ निघणे तसे दुर्मीळ, पण गरोदरपणाचा काही गाठींवर परिणाम होतो खरा. मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण त्या महिन्यांत वाढू शकते आणि बाळंतपणानंतर कधी कधी आपोआप थोडी आक्रसतेही. पिट्युटरी ग्रंथी तर निरोगी गरोदर स्त्रीचीही आकाराने वाढते. तेथे आधीच गाठ असेल तर ती डोळ्यांच्या नसांवर दाब आणू शकते. ग्लिओमा जातीच्या गाठी मेंदूच्या पेशींतूनच निघतात. त्यांतल्या काही सावकाश वाढतात, तर काही भयंकर वेगाने.

खरी अडचण ओळखण्याची आहे. डोके दुखणे, उलट्या, अंधारी येणे हे सारे गरोदरपणातही होतेच. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी आली की तिच्या प्रत्येक तक्रारीला घरातल्या बायकांजवळ उत्तर तयार असते. जळजळ होते, म्हणजे बाळाला जावळ भरपूर. डोके दुखते, म्हणजे दृष्ट लागली. झटका आला तर काही घरांत अजूनही बाहेरच्या बाधेची कुजबुज होते. (ख्रिस्ती घरांतही होते, हे आपण एकमेकांपासून लपवायला नको.) डॉक्टरांकडूनही चूक होऊ शकते, कारण गरोदरपणात झटका आला की पहिला विचार वाढलेल्या रक्तदाबाचा येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण काही खुणा आहेत. उलट्या चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबण्याऐवजी नव्याने सुरू झाल्या, डोके पहाटे जास्त दुखू लागले, एक बाजू लुळी पडू लागली, दिसणे कमी झाले, किंवा रक्तदाब व्यवस्थित असूनही झटका आला, तर थांबू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून डोळा तपासला तर मेंदूवरील वाढलेला दाब पुष्कळदा तेथेच दिसतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शिरेतून द्यायचे गॅडोलिनियमचे औषध शक्यतो टाळून तो गरोदरपणात करता येतो. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्येही पोटातील बाळापर्यंत पोचणारे किरण अगदी नगण्य असतात. "पोटुशी आहे, फोटो काढायचा नाही" असे म्हणून महिने घालवणारी माणसे बाळाचे भले करीत नाहीत.

पुढचे बरेचसे वेळेचे गणित आहे. गाठ सावकाश वाढणारी असेल तर सूज उतरवणारी व झटके थांबवणारी औषधे देऊन, लक्ष ठेवून, बाळ मोठे होईपर्यंत थांबता येते. झटक्यांच्या औषधांतही निवड करावी लागते, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध बाळाला बाधते, तर काही औषधे त्या मानाने सुरक्षित असतात. थांबता येत नसेल तर शस्त्रक्रियेसाठी चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात बरा समजला जातो. पोटावर संरक्षण ठेवून डोक्याला रेडिएशन देणेही काही वेळा शक्य असते. केमोथेरपी मात्र पहिल्या तीन महिन्यांत टाळली जाते. बाळंतपणाच्या वेळी जोर केल्याने डोक्यातील दाब वाढतो म्हणून अशा मातेचे पुष्कळदा सीझर करतात, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना पाठीत सुई द्यायची की पूर्ण भूल द्यायची याचा फार बारकाईने विचार करावा लागतो. मेंदूचे सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचे डॉक्टर असे सारे एका छताखाली लागतात. पुण्यात ही सोय आहे. गावाकडे नाही, म्हणूनच नगर, सोलापूर, सातारा भागातून अशा रुग्ण पुण्यात येतात.

हे सगळे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की "आई की बाळ" हा प्रश्न आपण जितक्या सहज विचारतो तितक्या वेळा तो खरोखर उभाच राहत नाही. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न निराळा आहे. काय थांबू शकते, काय थांबू शकत नाही, आणि किती आठवडे?

आता ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीकडे येऊ. आमचीही समजूत होती की आई आणि बाळ यांत निवड करायची झाली तर ख्रिस्तसभा बाळाच्या बाजूने असते. ती समजूत चुकीची निघाली. २६ नोव्हेंबर १९५१ रोजी केलेल्या भाषणात पोप पायस बारावे यांनी हा विषय स्पष्टच घेतला होता. आईच्या जिवापेक्षा बाळाचा जीव अधिक मोलाचा मानावा असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही, आणि एकाचा किंवा दुसऱ्याचा अशी प्रश्नाची मांडणीच चूक आहे, असे त्यांनी सांगितले. दोघांपैकी कुणालाही हेतुपुरस्सर मारता येत नाही. त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की गरोदरपणाशी संबंध नसलेल्या कारणासाठी आईला तातडीची शस्त्रक्रिया किंवा उपचार लागत असतील, आणि त्यात बाळ दगावणे हा कुणालाही नको असलेला पण टाळता न येणारा परिणाम असेल, तर ते उपचार करणे योग्य आहे. या विचाराचे मूळ तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणात सापडते. स्वसंरक्षणाचा विचार करताना त्यांनी म्हटले होते की एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, आणि त्यांतला एकच करणाऱ्याच्या मनात असतो. मेंदूतील गाठ हे तर या शिकवणुकीचे अगदी सरळ उदाहरण आहे. गाठ काढणे हा गर्भपात नव्हे. त्यासाठी कुणाला पापनिवेदनाला जाण्याची गरज नाही.

आवारात संत जियान्नाचे नाव निघाले, म्हणून तिच्याविषयी. जियान्ना बेरेत्ता मोल्ला इटलीतील डॉक्टर, तीन मुलांची आई. १९६१ साली चौथ्या वेळी दिवस गेले असताना तिच्या गर्भाशयात गाठ निघाली. अनेक प्रवचनांत सांगतात की तिने उपचार नाकारले. तसे झालेले नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये तिने शस्त्रक्रिया करून घेतली, फक्त बाळ राखून गाठ काढा असे सांगितले. गर्भाशयच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया तिच्या जिवाला अधिक सुरक्षित होती आणि वर सांगितलेल्या शिकवणुकीप्रमाणे ती करून घेतली असती तरी तिच्याकडे पाप लागले नसते. तिने त्याहून अवघड वाट घेतली. २१ एप्रिल १९६२ रोजी, पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी, मुलगी जन्मली. २८ एप्रिलला पोटातील जंतुसंसर्गाने जियान्ना देवाघरी गेली, वय ३९. १६ मे २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत म्हणून घोषित केले, तेव्हा ती मुलगी, आता स्वतः डॉक्टर झालेली, समारंभाला हजर होती. अलीकडची रोमची किआरा कोर्बेल्ला पेत्रिल्लो हिचीही गोष्ट काहीशी अशीच. जिभेच्या कर्करोगावरची पहिली शस्त्रक्रिया तिने गरोदरपणातच करून घेतली, मोठे उपचार २०११ मध्ये मुलगा जन्मेपर्यंत पुढे ढकलले, आणि २०१२ मध्ये ती गेली.

या दोघींच्या कथांत एक गोष्ट आम्हांला नव्याने जाणवली. दोघींनीही स्वतः ठरवले. जियान्ना तर डॉक्टर होती, तिला धोका पुरता ठाऊक होता. तिच्या सासूने ठरवले नाही, धर्मगुरूंनी ठरवले नाही, आवारात चहा पीत उभ्या असलेल्या लोकांनीही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या प्राणाविषयी बोलताना सांगतो की तो कुणी माझ्याकडून हिरावून घेत नाही, मी होऊन तो देतो. देणगी ही अशीच असते. दुसऱ्याने मागून घेतलेल्या प्राणाला बलिदान म्हणता येत नाही. म्हणून "जियान्नाने दिला ना?" हे वाक्य स्वतःपुरते म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याच्या सुनेला ऐकवायला ते आपले नाही.

उलट बाजूही पाहू, आणि ती पाहताना आपली मान खाली जाते. सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी. बेळगाव आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर. दातांची डॉक्टर, वय ३१, आयर्लंडमध्ये गॉलवे येथे राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात आपोआप सुरू झाला. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितले होते. तिने मोकळे करण्याची विनंती केली, पण बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला एका परिचारिकेने सांगितल्याचे पुढे चौकशीत कबूल झाले. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला सविता गेली. जून २०१३ च्या चौकशी अहवालाने म्हटले की ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर गरजेपेक्षा जास्त भर दिला गेला आणि संसर्गाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. त्याच नोव्हेंबरात, २०१२ मध्ये, आयर्लंडच्या महागुरूंनी निवेदन काढले की आईपेक्षा बाळाचा जीव श्रेष्ठ अशी शिकवण ख्रिस्तसभेने कधीच दिलेली नाही. निवेदन खरे होते. १९५१ पासून खरे होते. पण त्या वॉर्डात ते कुणापर्यंत पोचलेले नव्हते. तेथे पोचला होता तो फक्त एक धाक, आणि त्याला आपल्या धर्माचे नाव होते. सविता कॅथलिक नव्हती, म्हणून तर आपल्याला हे अधिक लागायला हवे. २०१८ च्या सार्वमतात त्या देशाने गर्भपातबंदीचे कलम घटनेतून काढून टाकले. त्याबद्दल पुष्कळ हळहळ ऐकू येते. तिच्याबद्दल आपल्यापैकी कितींनी मिस्सा अर्पण केली होती?

आता जी जागा खरोखर कठीण आहे तेथे आलो. समजा दिवस कमी आहेत, गाठ वेगाने वाढणारी आहे, आणि डॉक्टर सांगतात की आधी गर्भ काढून टाका म्हणजे उपचार मोकळेपणाने करता येतील. गरोदर स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आपल्या देशाचा १९७१ चा कायदा आठवड्यांची मर्यादाही मानत नाही. ख्रिस्तसभा मात्र येथे नाही म्हणते. गाठीवरील उपचार करा, त्यात बाळ गेले तर तो दोष नाही, पण उपचारांची सोय व्हावी म्हणून बाळाला मारणे हे निराळे. बाळ बाहेर जगण्याजोगे झाले असेल तर गंभीर कारणासाठी वेळेआधी बाळंतपण करणे चालते, तेही निराळे. हा फरक कागदावर स्वच्छ दिसतो. जिच्या डोक्यात गाठ आहे आणि घरी चार वर्षांचे दुसरे लेकरू आहे, तिला तो रात्री दोन वाजता तितका स्वच्छ दिसेल असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही ही शिकवण मानतो. ती सोपी आहे असे भासवणे मात्र आम्हांला खोटेपणाचे वाटते. आणि एखादीने भीतीपोटी, घरच्या दबावापोटी दुसरा निर्णय घेतलाच, तर १९९५ च्या 'एव्हांगेलियुम व्हितए' या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे अशा स्त्रियांशी किती हळुवारपणे बोलले आहेत ते आपण वाचावे. आशा सोडू नका, असे ते त्यांना सांगतात. तेथे आपल्या कुजबुजीला जागा नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात राहेलची गोष्ट आहे. एफ्राथच्या वाटेवर तिला कळा येतात. ती मरणाच्या दारात असताना सुईण तिला सांगते, भिऊ नकोस, हाही मुलगाच आहे. आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे, पण सुईणीच्या त्या धीराच्या शब्दांकडे कधी लक्ष गेले नव्हते. बाई मरते आहे आणि तिला आनंदाची बातमी काय, तर मुलगा! राहेल जाता जाता बाळाचे नाव ठेवते बेनओनी, माझ्या दुःखाचा पुत्र. याकोब ते बदलून बन्यामीन करतो. बापाने चांगल्या हेतूनेच बदलले असेल. तरी आईने उच्चारलेला तो शेवटचा शब्द पवित्र शास्त्राने पुसून टाकलेला नाही.

जिवाचे मोल सांगणाऱ्यांनी थोडे पैशाचेही बोलावे. मेंदूची शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, आणि आठव्या महिन्याआधी जन्मलेले बाळ आठवडेच्या आठवडे काचपेटीत, हा खर्च रिक्षा चालवणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या कुटुंबाला पेलत नाही. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत शेकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या पुष्कळ शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, समाजसेवा विभागाची खिडकी हे सारे धावपळ करून कुणीतरी जमवावे लागते, आणि रुग्णाच्या नवऱ्याला त्या वेळी खाली रक्ताच्या पिशव्यांसाठी पळायचे असते. "गर्भपात पाप आहे" एवढे त्याला सांगून आपण मिस्साला निघून गेलो, तर आपण त्याला काय दिले?

दोन गोष्टी धर्मगुरूंनी आवर्जून सांगायला सांगितल्या. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा मरणाऱ्यांचाच संस्कार आहे, ही जुनी समजूत सोडावी. गंभीर आजारासाठी मोठी शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तिच्याआधी तो घेता येतो आणि घ्यावा. आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ धोक्यात असेल, धर्मगुरू वेळेत पोचू शकत नसतील, तर परिचारिका, आजी, कुणीही बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर चर्चच्या कार्यालयात कळवावे.

रुग्णालयात संमतीपत्रावर सही कुणाची घेतात, हे आपण पाहिले आहे. बाई शुद्धीवर असते, बोलत असते, तरी कागद नवऱ्यापुढे किंवा सासऱ्यापुढे जातो. "तिला आत्ता काही सांगू नका, घाबरेल," असे म्हणून आपण तिच्या डोक्यातील गाठीची बातमी तिच्याखेरीज सर्वांना सांगतो. प्रेमापोटीच सांगतो. पण ज्या देहात आजार आहे आणि ज्या देहात बाळ आहे त्या देहाची मालकीण तेवढी अंधारात राहते. ती शुद्धीवर असताना, दुखणे थोडे कमी असताना, तिच्याशी बोलणे झाले पाहिजे. पुढे बेशुद्ध झालीस तर काय करावे हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारायला फार धीर लागतो. तो धीर नवऱ्याला एकट्याला येत नसेल तर धर्मगुरूंना किंवा धर्मभगिनींना सोबत न्यावे.

मग आम्ही त्या आजींना पुन्हा भेटलो. तो प्रश्न त्यांनी का विचारला होता, ते त्यांनी सांगितले. नगर जिल्ह्यातील एका गावी, साठेक वर्षांपूर्वी, त्यांची थोरली बहीण बाळंतपणात अडली. डॉक्टर खोलीबाहेर आले आणि घरच्यांना विचारले, दोघांतून एकच वाचेल, कोण हवे? सासरे म्हणाले, बाळ. नवरा खाली मान घालून उभा होता. पुढे देवाची कृपा अशी झाली की दोघेही वाचले. बहीण सत्तरी ओलांडून गेली. मुलगा मोठा झाला, मुंबईला नोकरीला लागला. सासरे बरीच वर्षे जगले आणि बहिणीने त्यांची सेवा केली, वेळेवर ताट वाढले, शेवटच्या आजारात अंथरूण धुतले.

"पण बोलली नाही कधी त्यांच्याशी," आजी म्हणाल्या. "दार लाकडी होतं. तिला आत सगळं ऐकू आलं होतं."